पार्किंगमधला अपघात 'कामावरचा' म्हणून नोंदवून घेताना

2023 मध्ये दुसऱ्या पाळीला जाताना कंपनीच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स येणाऱ्या टेम्पोने मला धडक दिली आणि घोट्याचं हाड मोडलं. पगार 21,000 रुपयांच्या आत, म्हणून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतं. पण पहिल्या केसपेपरवर 'आरटीए', म्हणजे रस्ता अपघात, एवढंच लिहिलं गेलं आणि सगळं तिथेच अडलं.

फरक मोठा आहे. आजारपणाचा लाभ रोजच्या सरासरी वेतनाच्या 70 टक्के, तोही ठरावीक दिवस वर्गणी भरलेली असेल तरच. कामावरची इजा मानली तर 90 टक्के, वर्गणीची अट नाही, आणि पुढे कायमच्या अपंगत्वाचा दावाही उघडा राहतो. म्हणून कॅज्युअल्टीत डॉक्टरांना सांगताना जागा (कंपनीचं आवार), वेळ, पाळी आणि गाडीचा नंबर हे सगळं सांगा, आणि लिहिलेलं वाचूनच बाहेर पडा.

टाइम ऑफिसचं म्हणणं होतं की हजेरीचा पंच झालेला नव्हता, म्हणजे ड्यूटी सुरूच नव्हती. हे चूक आहे. तेव्हाच्या ईएसआय कायद्यात 2010 पासून कलम 51ई होतं: घर ते कामाचं ठिकाण या प्रवासातला अपघातही धरला जायचा, फक्त वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखवावा लागायचा. कंपनीच्या फाटकाच्या आत तर हा संबंध दाखवणं आणखी सोपं.

पुरावे लगेच मागावे लागतात. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच दिवशी लेखी द्या आणि पोच घ्या. गेट रजिस्टरची नोंद, त्या दिवसाची पाळीची यादी आणि दोन साक्षीदारांचे जबाब जोडा. अपघात वहीत (फॉर्म 11) नोंद आणि फॉर्म 12, म्हणजे अपघाताचा अहवाल, हे काम मालकाचं. कळवल्यापासून 24 तासांत अहवाल जायला हवा. त्याची प्रत मागून घ्या, 'पाठवलंय' या शब्दावर राहू नका.

टेम्पोच्या विम्यावरही दावा करता येईल असं मला अनेकांनी सुचवलं. पण त्याच इजेसाठी दुसऱ्या कायद्याखाली भरपाई घेण्यावर ईएसआय कायद्याच्या कलम 53 ने बंदी होती, त्यामुळे ईएसआयचा लाभ घेणाऱ्याच्या दाव्याला विमा कंपनी आक्षेप घेते, आणि 1 एप्रिल 2022 पासून अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांतच अर्ज करावा लागतो. त्यामुळे वकिलाचा सल्ला प्लास्टर असतानाच घ्या.

फिटनेसचं शेवटचं प्रमाणपत्र मिळालं की कायमच्या अपंगत्वासाठी 12 महिन्यांच्या आत मेडिकल बोर्डाकडे अर्ज करायचा. जुने-नवे एक्स-रे सोबत न्या. कमाईची क्षमता किती टक्के घटली, ते बोर्ड ठरवतं.