छत्तीस जिल्हे, छत्तीस मुक्काम: एसटीच्या पासवर महाराष्ट्र

‘आपलं राज्य पूर्ण पाहायचं’ हा संकल्प बहुतेकदा महाबळेश्वर, गणपतीपुळे आणि कोल्हापुरावर अडतो. कारण साधं आहे, ‘पाहायचं’ म्हणजे नेमकं काय हेच ठरलेलं नसतं. रेल्वेच्या खिडकीतून अकोला दिसलं तर अकोला पाहिलं का? म्हणून आधी एकच नियम वहीत लिहून टाका: ज्या जिल्ह्यात एक रात्र मुक्काम झाला तो जिल्हा झाला, बाकी सगळे शिल्लक. २०१४ साली पालघर वेगळा झाला तेव्हापासून जिल्हे ३६ आहेत, म्हणजे ३६ रात्री. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, हे मोजताना हमखास विसरलं जातं.

इतक्या रात्री एका वर्षाच्या रजेत बसणं कठीण, दोन वर्षं धरा. वाहन म्हणून एसटीच घ्या. स्वतःच्या गाडीने गेलं की माणूस हायवेवरच्या ढाब्यापुरता राहतो; एसटी तालुक्याच्या गावात, थेट बाजारपेठेच्या तोंडाशी सोडते. शिवाय ‘आवडेल तेथे प्रवास’ हा एसटीचा पास ४ आणि ७ दिवसांचा मिळतो, आणि सगळी आखणी त्यावर बेतता येते. ७ दिवसांत ६ मुक्काम, ४ दिवसांत ३.

हिशेब असा लागतो. पूर्व विदर्भातले गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, वर्धा, नागपूर ही ७ दिवसांची पहिली फेरी. यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, अकोला, अमरावती ही दुसरी. हिच्यात एक रात्र हाताशी उरते, ती चिखलदऱ्याला द्या. संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर ही तिसरी. मग ४ दिवसांच्या चार फेऱ्या: बीड-धाराशिव-सोलापूर, जळगाव-धुळे-नंदुरबार, सातारा-सांगली-कोल्हापूर आणि रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग. इथवर २९ जिल्हे झाले. पुणे, अहिल्यानगर, नाशिक, ठाणे, पालघर आणि मुंबईचे दोन्ही जिल्हे शनिवार-रविवारच्या सुट्ट्यांत उरकतात.

पुण्या-मुंबईकडच्या लोकांनी सुरुवात मात्र लांबच्या टोकापासूनच करावी. जवळचे जिल्हे आधी घेतले की दहा-बारा खुणा पटापट होतात, समाधान वाटतं आणि गडचिरोली कायमची राहून जाते.

पासाबद्दल काही गोष्टी आधीच माहीत हव्यात. तो दहा दिवस आधीपासून आगाऊ काढता येतो. दिवस मध्यरात्री १२ ते मध्यरात्री १२ असा मोजतात. पहिल्या दिवशी रात्री नऊच्या गाडीने निघालात तर एक दिवस फुकट गेला. पहाटेची गाडी धरा. पास आहे म्हणजे जागा मिळेलच असं नाही, लांबच्या टप्प्याचं आरक्षण वेगळं करावं लागतं. शिवशाहीचा पास वेगळा आणि महाग. साधाच घ्या, कारण आडवाटेच्या गावांना शिवशाही जातच नाही. महिलांना एसटीत तिकीट अर्धं आहे, त्यामुळे त्यांनी आधी टप्प्याटप्प्याच्या भाड्याची बेरीज करून पासाशी ताडून पाहावी. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, त्यांना पासाची गरजच नाही.

फेरी फसते ती परतीच्या गाडीवर. आडगावात संध्याकाळी पोचणारी गाडी पुष्कळदा मुक्कामी असते: रात्री तिथेच थांबते आणि पहाटे निघते. गावात लॉज नसेल तर अडकलात. म्हणून तालुक्याच्या स्टँडवर उतरल्याबरोबर चौकशीच्या खिडकीत पहिला प्रश्न ‘शेवटची गाडी किती वाजता?’ हाच. रविवारी आणि शाळेच्या सुट्टीत विद्यार्थ्यांसाठीच्या फेऱ्या बंद असतात, आणि वेळापत्रकाच्या फळ्यावर त्या तशाच लिहिलेल्या असतात. आषाढी वारी आणि गणपतीत राज्यभरातल्या गाड्या पंढरपूर आणि कोकणाकडे वळवतात; त्या दिवसांत फेरी ठेवूच नका.

वारही सांभाळायचे. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. त्यामुळे सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा हा क्रम चालतो, उलटा केला तर दोन्ही हुकतात. ताडोबा मंगळवारी बंद असतं आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद. विदर्भ डिसेंबर ते फेब्रुवारीतच करा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५च्या पुढे जातो, दुपारी स्टँडवरून हलवत नाही. सातारा सप्टेंबरात घेतला तर कासची फुलं मिळतात, त्यासाठी ऑनलाइन नोंदणी आधी करायची. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. नंदुरबार दत्तजयंतीला गाठलं तर सारंगखेड्याचा घोड्यांचा बाजार दिसतो, मात्र राहायची सोय आधी करून ठेवायला हवी.

बुलढाणा जिल्ह्याचा मुक्काम बुलढाण्यात न करता लोणारला करा, हे आग्रहाने सांगण्यासारखं आहे. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेलं हे विवर जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद आहे. काठावर गोमुखाची धार आहे. ते पाणी गोडं, बारमाही वाहणारं. लोक तिथे आंघोळ करतात. तिथून दगडी वाटेने झाडीतून खाली उतरत गेलात की तळ्याचं पाणी मात्र खारट, अल्कधर्मी, हिरवट आणि वासाचं. शंभर-दीडशे मीटरच्या उतारात पाणी एवढं बदलतं, कारण तळ्यात आलेलं पाणी बाहेर पडायला वाट नाही. ते आटतं आणि क्षार मागे राहतात. सकाळी लवकर उतरा, ऊन चढल्यावर वर येणं जड जातं. दुपारी गावातलं दैत्यसूदन मंदिर पाहा. आत अंधार असतो, छतावरची शिल्पं पाहायला टॉर्च जवळ हवा. दुसऱ्या दिवशी जिजाऊंचं सिंदखेड राजा त्याच जिल्ह्यात होतं.

पूर्व विदर्भाची फेरी गोंदियापासून धरा, कारण मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस थेट तिथवर जाते. भंडाऱ्याहून पवनी, ब्रह्मपुरी करत गडचिरोली गाठता येतं. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेकाठची मार्कंड्याची मंदिरं पाहायला अर्धा दिवस राखून ठेवा. शेवट नागपुरात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. १० डिसेंबरला निघायचं असेल तर ११ ऑक्टोबरला सकाळी आठला तिकीट काढा आणि एसटीचा पास डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कारण तो गोंदियाला पोचल्यावरच सुरू करायचा आहे.