दोन्ही टोकांना पिना

डिसेंबर 2013 मध्ये टोरांटोत शनिवारी रात्रीपासून बर्फाळ पाऊस पडला, फांद्या तारांवर कोसळल्या आणि 3 लाखांवर ग्राहकांची लाइट गेली. मग आम्हा फर्नेसवाल्यांना (फर्नेस म्हणजे गॅसवर घर गरम करणारं यंत्र) प्रत्येक घरी एकच प्रश्न: गॅस चालू आहे, मग हीटिंग का बंद? अहो, इग्नायटर, ब्लोअर, कंट्रोल बोर्ड, सगळं विजेवर चालतं.

टोरांटोच्याच स्कारबरो भागात एका मराठी काकांकडे गेलो. निवृत्त इंजिनिअर. बेसमेंटच्या जिन्यावरच म्हणाले, "बोर्ड गेलाय रे. नवा आणलास का?" आदल्या दिवशी दुसऱ्या कंपनीचा माणूस तसं सांगून गेला होता. करंट मोजायचा मीटर हत्यारांच्या पेटीतून न काढता निदान करणारे आमच्यात पुष्कळ.

काकांनी फर्नेसची वायर स्विचपाशी सोडवून तिला तीन पिनी प्लग लावला होता आणि एक्स्टेंशनने थेट छोट्या इन्व्हर्टर जनरेटरला जोडली होती. ज्योत पेटायची, चार-पाच सेकंदांत विझायची. असं तीनदा झालं की लॉकआउट, म्हणजे बोर्ड पुन्हा पेटवायचं थांबवतो.

बोर्ड ठणठणीत होता. बर्नरसमोर फ्लेम सेन्सरची बारीक सळई असते. तिच्यातून निघालेला अगदी क्षीण करंट ज्योतीतून बर्नरच्या पत्र्यात उतरतो आणि अर्थिंगवरून बोर्डाकडे परततो. तो परतला तरच बोर्ड ज्योत आहे असं मानतो, नाहीतर गॅस तोडतो. घरच्या ब्रेकर पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना बांधलेले असतात. अशा छोट्या जनरेटरमध्ये बहुधा नसतात, त्यामुळे परतीची वाटच राहत नाही. सेन्सरच्या वायरीत मीटर लावला तर जवळजवळ शून्य. मग पेटीतला एक प्लग काढला, ज्यात न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडलेले आहेत, आणि जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटात खोचला. मीटर 3 मायक्रोअँपवर गेला आणि ज्योत टिकली. (हा प्लग थेट जोडणीपुरताच. वीज घराच्या पॅनेलमधून येणार असेल तर तो काढायचा.)

जनरेटर गॅरेजात होता, शटर अर्धं वर. शटर पूर्ण उघडलं तरी कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो, आणि त्याला वासही नसतो. दोघांनी मिळून तो मागच्या अंगणात नेला, घरापासून वीस फुटांवर, खिडक्यांपासून आणि फर्नेसच्या हवा ओढणाऱ्या पाइपापासून लांब.

तेवढ्यात काका म्हणाले, "पण तुझ्या प्लगशिवायही चालते की. रात्रभर चालवली." आणि शेजाऱ्याने दिलेली केबल घेऊन आले. दोन्ही टोकांना पिना. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं भिंतीतल्या सॉकेटात.

चालणारच. त्या वाटेने वीज पॅनेलमधून येते आणि तिथे न्यूट्रल-अर्थ बांधलेले आहेत. माझ्या डोक्यातून जात नाही ते हेच. साध्या जोडणीवर फर्नेस अडते आणि जीवघेण्या जोडणीवर सुरळीत चालते. मग माणूस कशावर विश्वास ठेवणार?

"मेन पाडलाय मी," काका म्हणाले. खरं होतं. पण लाइट आली का बघायला काकूंनी मेन वर केला तर? वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते, हजारो व्होल्ट होऊन खांबावर चढते आणि वर कुणीतरी ती तार बंद आहे समजून काम करत असतो. शिवाय एक टोक सुटलं तर उघड्या पिनांत 120 व्होल्ट.

गॅसचं उपकरण धोक्याचं असेल तर मी रेड टॅग, म्हणजे धोक्याची लाल चिठ्ठी, लावू शकतो. केबलीच्या बाबतीत माझं लायसन्स गप्प. समजावून झालं, काका हसले. मी कटरने एक प्लग उडवला.

"विचारायची काही पद्धत? दुसऱ्याची वस्तू आहे ती!"

तक्रार ऑफिसपर्यंत गेली. साहेब म्हणाले, ग्राहकाच्या वस्तूला हात लावायचा नाही, समजावून सांगायचं. ऑफिसच्या उबेत बसून हे म्हणायला काय जातं! नियमाने त्यांचं बरोबर असेलही, पण पुन्हा तशी केबल दिसली तर मी काय करीन, ते मी त्यांना सांगितलं नाही.

काकांनी पुढे लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून, रीतसर परमिट काढून, फर्नेसपुरता ट्रान्सफर स्विच बसवून घेतला, म्हणजे एका वेळी घरची लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा स्विच. त्यात न्यूट्रल पॅनेलमार्फतच राहतो, म्हणून ज्योत टिकते, आणि वीज रस्त्यावर जाऊच शकत नाही. शेजाऱ्याने मात्र नवी केबल बनवली असणार. पिनांचे प्लग हार्डवेअरच्या दुकानात कुणालाही मिळतात, आणि दोन घेतले तर काउंटरवर कुणी विचारत नाही कशाला हवेत.