शेपटीखाली

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दोन महिने उलटून गेले, तरी दवाखान्याचं शटर ओढताना ते कार्ड डोळ्यांसमोर येतं, म्हणून लिहून काढतेय.

माझा दवाखाना सिंहगड रोडला, धायरीच्या बाजूला. शनिवारी रात्री गर्दी ओसरल्यावर एक काका त्यांच्या ब्रूनोला घेऊन आले. काका एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. ब्रूनो जर्मन शेफर्ड, सहा वर्षांचा, ३३ किलोचा. काका खुर्चीत बसलेसुद्धा नाहीत.

"मॅडम, याला इंजेक्शन देऊन टाका. शेवटचं."

ब्रूनो नातवाला चावला होता. पोराने मागून मिठी मारली आणि त्याने वळून हाताचा लचका तोडला. पोराची इंजेक्शनं चालू होती, ब्रूनोची रेबीजची लस वेळेवर झालेली होती, दहा दिवस नजरेखाली ठेवूनही झालं होतं. पण सुनेने सांगितलं होतं, हा घरात असेल तर आम्ही माहेरी जातो. तिचं काय चुकलं?

काका बोलत होते आणि ब्रूनो उभा होता. पंधरा मिनिटं झाली तरी उभाच. एवढा मोठा कुत्रा दवाखान्यात आला की थोड्या वेळाने फरशीवर पसरतो. हा मागचे पाय वाकवायचा, बूड फरशीला टेकायच्या आत दचकून उठायचा आणि वळून शेपटीखाली चाटायचा. पंखा त्याच्या बाजूने माझ्याकडे वळला तसा वास आला. जखमेत अळ्या पडल्यावर येतो तसला नाही. साचलेल्या पुवाचा, कुबट.

"काका, शी करताना त्रास होतो का याला?"

"अर्धा-अर्धा तास गोल फिरतो. कुंथतो, मध्येच केकाटून पळतो. कधी रक्ताचा थेंब. जंताचं औषध तीनदा झालं. एका दवाखान्यात दर पंधरा दिवसांनी गाठी पिळून देत होते."

गुदग्रंथी. गुदद्वार म्हणजे घड्याळाची तबकडी धरली, तर चार आणि आठच्या काट्यावर उग्र वासाच्या स्रावाच्या दोन पिशव्या असतात. कुत्रा बूड घासतोय म्हटलं की त्या पिळायच्या, अशी पद्धतच पडली आहे. ग्रूमिंगवालेही अंघोळीबरोबर पिळून देतात. भरलेल्या असतील तर ठीक. पण आजूबाजूची कातडी सडलेली असताना तिथे बोटं दाबायची म्हणजे उघड्या जखमेवर चिमटा काढण्यासारखं आहे. ते पिळणाऱ्याने एकदा शेपूट नीट वर करून बघायला हवं होतं. मला त्याचा राग आला आणि अजून आहे.

जागेपणी ब्रूनोने हात लावू दिला नसता, आणि लावूही नये. काकांची सही घेतली, गुंगीसाठी मेडेटोमिडिन आणि ब्युटॉर्फेनॉल दिलं, तो आडवा झाल्यावर शेपूट उचलली. केस पुवाने चिकटून त्यांची पट्टी झाली होती. मशीनने ते काढले, कोमट सलाइनने धुतलं, मग खालचं दिसलं. तीन, पाच, नऊ आणि दहाच्या काट्यावर चार तोंडं. कडा जांभळट, आतून पोखरलेल्या. नऊच्या तोंडातून बोथट सळई घातली, ती दोन सेंटिमीटर आत गेली आणि दहाच्या तोंडातून बाहेर आली. वरून दोन दिसत होती, आतून एकच बोगदा. ग्लोव्ह घालून बोट आत घातलं: दोन्ही पिशव्या शाबूत, गाठ नाही, वाट आवळलेली नाही. ग्रंथीच्या कॅन्सरमध्ये रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं, म्हणून तेही पाठवलं, नॉर्मल आलं. शिरवळला व्हेटर्नरी कॉलेजात असताना म्हशीची गाभण तपासणी खांद्यापर्यंत हात घालून शिकलो आम्ही. कुत्र्याला एक बोट घालायचा मात्र कंटाळा.

हे माझ्यासकट. ब्रूनो भूल उतरायची वाट बघत पडला होता, तेव्हा काकांनी पिशवीतून लसीचं कार्ड काढलं. आठ महिन्यांपूर्वी लस मीच दिली होती. कोपऱ्यात लाल पेनाने माझं अक्षर: 'चिडका. तोंड बांधून घेणे.' त्या दिवशी मागचा पाय धरल्यावर तो गुरगुरला होता. मी लस टोचली, शेरा लिहिला आणि पुढचा पेशंट बोलावला. तेव्हा हे सुरू झालेलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. शेपूट उचललीच नव्हती.

"तुम्हीच लिहिलेलं ना, म्हणून आम्हाला वाटलं याचा स्वभावच बिघडला," काका म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. ते जास्त लागलं.

मी त्यांना सांगितलं, माणसाला भगंदर होतं ना, तसंच समजा. काका एकदम गप्प झाले. त्यांच्या थोरल्या भावाला होतं. तो टबात बसून रडायचा, म्हणाले. मग खुर्चीत बसले. "ऑपरेशन करून टाका मग."

इथे नाव सारखं असलं तरी इलाज वेगळा. पूर्वी कापायचे; तरी ते परत उलटायचं आणि काही कुत्र्यांचा शीवरचा ताबाच जायचा. शेपूट खाली आणि जाड, म्हणून ओल राहते आणि हे होतं, असं मानायचे. आता असं मानतात की शरीराची प्रतिकारशक्तीच तिथल्या कातडीवर उलटते, आणि सर्वांत जास्त जर्मन शेफर्डमध्येच. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन, किडनी बदललेल्या माणसांना देतात ते. किलोला पाच मिलिग्रॅम धरलं तर ब्रूनोला रोज दीडशेच्या वर, तेही काही महिने. पेन्शनीत ते बसत नव्हतं. केटोकोनाझोल हे बुरशीवरचं औषध जोडीला दिलं की यकृत सायक्लोस्पोरिन सावकाश मोडतं आणि कमी डोस पुरतो: सायक्लोस्पोरिनची पन्नासची एक कॅप्सूल, केटोकोनाझोलची दोनशेची एक गोळी. बदल्यात यकृताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. शी मऊ राहायला लॅक्ट्युलोज, दुखण्यावर गॅबापेन्टिन. आतड्याची सूजही बऱ्याचदा सोबत असते, म्हणून रोजचा चिकन-भात बंद करून मासे आणि उकडलेला बटाटा.

तिसऱ्या आठवड्यात पू थांबला. पाचव्या आठवड्यात ब्रूनो माझ्या फरशीवर बसला, पूर्ण, बूड टेकून. काकांनी फोटो काढला आणि सुनेला तिथूनच पाठवला.

परवा नववा आठवडा होता. तीन तोंडं बुजली आहेत. दहाचं अजून उघडं आहे, तांदळाच्या दाण्याएवढं. त्यावर आता सायक्लोस्पोरिनसारखंच काम करणारं टॅक्रोलिमस मलम सुरू केलंय, काका ग्लोव्ह घालून लावतात. औषध इतक्यात कमी करणार नाही, सुटलं की परत येणारं दुखणं आहे हे. नवीन कार्ड करून दिलं. नातू अजून जवळ येत नाही. दारात उभा राहून बटाट्याची फोड टाकतो, आणि ब्रूनो तो आत जाईपर्यंत ती खात नाही, असं काका सांगत होते.