खवल्या मांजराचा एक दिवस

एप्रिल महिना, काजूचा हंगाम. सकाळी सातच्या सुमाराला गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून वनखात्याची जीप आली आणि आमच्या प्राणिसंग्रहालयाच्या फाटकावरून गावडेकाकांनी हाक मारली, "दोतोर, पोत्यांत कितें आसा पळयात!"

पोत्यात घट्ट गुंडाळलेला खवल्यांचा चेंडू होता. कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, कोरड्या टाकीत पडलेलं खवल्या मांजर. वजन साडेआठ किलो. जबरदस्तीने उलगडायला गेलं तर ते आणखी आवळून घेतं, म्हणून दिवे मालवले आणि वाट बघत बसले. चाळीस मिनिटांनी एक टोकदार तोंड बाहेर आलं, त्यामागून पुढचे पाय. डाव्या पायाच्या मोठ्या नखाचं टोक तुटलेलं होतं. बाकी धडधाकट. तोंड तपासण्यात काही अर्थ नव्हता, त्याला दातच नसतात.

"ठेवूया ना, मॅडम," आमच्याकडचा नवा पोरगा म्हणाला. "पोरांना सुट्टी लागतेय. असं जनावर कुणी बघितलंय?"

खरंच कुणी बघितलेलं नसतं. म्हणूनच मला बारा वर्षांपूर्वीचं आठवलं. तेव्हा मी दुसऱ्या एका ठिकाणी नवीन होते, अंडं-दूध-खिमा कालवून असंच एक जगवायला निघाले होते. नवव्या दिवशी ते गेलं. पोट उघडलं तर आतून व्रण. मुंग्या-वाळवीवर जगणाऱ्या प्राण्याला आपला खुराक झेपत नाही आणि पिंजऱ्याचा धसकाही सोसत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. कळलं त्या दिवशी.

पोराला मी गिधाडांचं सांगितलं. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात गेलं आणि ती पटापट मेली. 2006 मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण हरियाणात पिंजोरला 2001 पासूनच गिधाडं सांभाळायला सुरुवात झाली होती. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. तिथे बंदिवास हाच आधार होता. खवल्या मांजराचीही पैदास ओडिशात नंदनकाननला झाली आहे, म्हणजे अशक्य नाही. पण त्यासाठी लागणारी जागा आणि रोजची वाळवी आमच्याकडे कुठून यायची? 2016 साली जगातल्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरलं, तरी खवल्यांसाठी चोरटी शिकार थांबलेली नाही. खवले म्हणजे आपल्या नखांचाच पदार्थ, औषध कसलं डोंबलाचं!

पोरगा गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "नखाचं काय?"

रास्त प्रश्न. न खणता ते जगणार कसं? दुपारी पोराला घेऊन वारूळ शोधायला गेले. फोडलेल्या वारुळाची माती मागच्या आवारात ओतली आणि आम्ही दाराआड उभे राहिलो. संध्याकाळी सातला ते उठलं. नाक लावलं. मग दोन्ही पायांनी माती उपसायला लागलं आणि ती लांब, चिकट जीभ आत-बाहेर. पोराने माझा दंड इतका दाबला की वळ उठला.

वनखात्याच्या आरएफओ (वनक्षेत्रपाल) साहेबांना फोन केला. रात्री नऊला, सापडलं त्याच कुळागराच्या वरच्या अंगाला जंगलात पोतं उघडलं. पोराच्या मोबाईलमध्ये फक्त शेपूट आली.

आवक-जावक वहीत एकाच तारखेला दोन नोंदी झाल्या. गावडेकाकांनी पोतं झटकलं, दोन-चार वाळव्या त्यांच्या मनगटावर चढल्या.