तुम्ही विचारलंत म्हणून: पळसातला ळ

शिमग्याची पालखी देवळात परतली आणि पाडवा चार दिवसांवर आला, की बालवाडीच्या पायरीवर हा प्रश्न येतो. परवा एका आईने तो विचारला, तोही मुलाचा हात घट्ट धरून. "बाई, झील जूनात पहिलीत जातलो, आणि त्याका अजून एक अक्षर लिवक जमणा नाय. तुमी तर पोरांका झाडाखाली घेवन बसतास."

तिची काळजी मला कळते. पाडव्याला जिल्हा परिषदेच्या शाळांत पाटीपूजन होतं, 'पट वाढवा' म्हणून गुरुजी घरोघरी फिरतात आणि पहिलीच्या यादीत नाव चढतं. शेजारची मुलगी 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत धडाधड म्हणते आणि आपला मुलगा खिशात सावरीच्या पाकळ्या घेऊन घरी येतो. पायरीवर उभ्याने मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते. वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत एकोणीस वर्षं मी बालवाडी घेते, आणि फाल्गुन-चैत्रात आम्ही झाडाखाली जे करतो ते वाचन-लेखनच असतं.

कानापासून सुरुवात करते. आमच्या अंगणामागे उंबर आहे. या दिवसांत तांबट त्यावर बसून तासन्‌तास टुक, टुक, टुक करतो. पलीकडच्या आंब्यावर कोकीळ. (कोकिळा गाते असं आपण म्हणतो, पण तो कुहू नराचा.) मुलांना मी डोळे मिटायला सांगते आणि विचारते, तांबट कसा बोलतो? तुटक तुटक. कोकीळ? लांबवून, चढत चढत. मग प्रत्येकाच्या हातात खडू देते आणि म्हणते, जमिनीवर तांबट काढा. पहिल्या वर्षी मुलांनी पक्षी काढले. मी म्हटलं, पक्षी नको, त्याचा आवाज काढा. थोडा वेळ सगळी गप्प. मग एका मुलीने टिंब काढलं, त्याच्या उजवीकडे दुसरं, मग तिसरं. कोकिळासाठी तिने वर चढत जाणारी रेघ ओढली. तेव्हापासून हा खेळ दरवर्षी होतो. एक जण टिंबं आणि रेघा मिसळून ओळ लिहितो, दुसरा त्यावर बोट ठेवून डावीकडून उजवीकडे ती वाचतो: टुक टुक कुहूऽऽ टुक.

चार वर्षांच्या मुलाने आवाजाला खूण दिली आणि दुसऱ्या मुलाने त्या खुणेतून तोच आवाज परत काढला, याला मी लिहिणं-वाचणं म्हणते. आवाज हवेत विरतो, खूण जमिनीवर राहते, हे ज्याला एकदा उमगलं त्याला पुढे 'क' ही कसली खूण आहे ते समजावून सांगावं लागत नाही. आखूड आणि लांब आवाजातला फरकही कानात बसलेला असतो, त्यामुळे ह्रस्व-दीर्घाची वेळ येते तेव्हा मूल बुजत नाही.

यानंतर टाळ्यांचा खेळ, आणि माझी मोठी चूक इथलीच. शब्द म्हणायचा आणि तुकड्यागणिक टाळी वाजवायची. का-जू, दोन टाळ्या. कै-री, दोन. सु-रं-गी, तीन. मग मी 'पळस' म्हटलं. पोरांनी दोन टाळ्या वाजवल्या, मी तीन. मी त्यांना दुरुस्त केलं. त्यांनी पुन्हा दोनच वाजवल्या. मी पुन्हा तीन. चौथ्या वेळी सगळी माझ्या तोंडाकडे बघून, मी थांबेन तिथे थांबायला लागली. त्यांचं स्वतःच्या कानाने ऐकणं मी बंद पाडलं होतं.

बरोबर मुलंच होती. बोलताना आपण शेवटचा 'अ' गिळतो. पळस ऐकू येतो तो 'प-ळस्' असा, दोनच ठोक्यांत. फणस, मोहोर, कोकीळ यांचंही तेच. 'पालवी' तर मधेच गिळली जाते: पाल-वी. मला तीन ऐकू येत होते कारण मी कागदावरचा शब्द आठवून टाळ्या वाजवत होते. मुलांपाशी कागद नव्हता, फक्त कान होता. आता सुरुवातीला मी ठोके आणि अक्षरं जुळतात तेच शब्द घेते: काजू, कैरी, गुढी, कळी, आंबा, टोपी. पळस बराच नंतर येतो, तोही कोडं म्हणून: तोंडात दोन, पाटीवर तीन, मग तिसरं लपलं कुठे? साडेपाच-सहाच्या मुलांना हे कोडं फार आवडतं. पहिलीत 'पळस' लिहिताना मुलं का अडखळतात, याचं एक कारण या गिळलेल्या 'अ'मध्ये आहे असं मला वाटतं, आणि त्यासाठी मुलाला रागावू नये.

पळसावरून ळ आठवला. वर्णमालेच्या रांगेत तो अगदी शेवटी, ह-च्या मागे उभा असतो. मराठीत कुठलाच शब्द ळ-ने सुरू होत नाही, म्हणून 'क कमळाचा' तसं त्याच्याबद्दल म्हणता येत नाही. क्रमाने शिकवलं तर तो भेटेपर्यंत वर्ष संपतं. पण वसंतात कान उघडा ठेवला तर जिकडे तिकडे ळच: पळस, कोकीळ, कळी, पाकळी, जांभूळ, फळ. पाडव्याला कडुनिंबासोबत खातो तो गूळ. हळदीकुंकवातली आंब्याची डाळ. आणि आमच्याकडे सुरंगीचा वळेसर, म्हणजे फुलांचा गजरा.

म्हणून मी चैत्रात ळ आधी घेते. तो जिभेला मजा देतो. जीभ मागे वळवून टाळूला लावायची आणि पुढे सोडायची, हे मुलं आरशात बघून करतात. मग ळ शोधायचा, घरातसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल काढायच्या आधी शब्द ओतले जातात: बाळ, नळ, वाळू, मासळी, दिवाळी. एकाने फार विचार करून "शाळा" आणला आणि सगळी गप्प झाली, कारण इतके दिवस तो शब्द तोंडात असून कुणाला त्यातला ळ दिसला नव्हता. तेव्हाच मी फळ्यावर ते अक्षर पहिल्यांदा काढलं. 'फळा'तही ळ आहे, हे त्यांनीच मला सांगितलं.

आता त्या आईच्या मुलाबद्दल. तो घरी मालवणी बोलतो, तशी आमची बहुतेक मुलं बोलतात. रोज फिरून आल्यावर मी मोठा कागद लावते, मुलं सांगतात आणि मी लिहिते. पिंपळाला कोवळी पालवी फुटली होती, ती तांबूस असते. तो म्हणाला, "पिंपळाक तांबडी पाना इली." मी तेच लिहिलं, आणि प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवत तेच वाचून दाखवलं. पूर्वी मी 'पिंपळाला तांबडी पानं आली' असं सुधारून लिहीत असे. मग मूल कागदाकडे बघायचं आणि त्याला आपलं वाक्य तिथे सापडायचं नाही. आपण बोललो ते आणि कागदावर आहे ते एकच, हा धागा जुळायलाच हवा. तो आधीच तोडून टाकला तर वाचायला शिकवणार कशावर?

प्रमाण मराठी नको असं माझं म्हणणं मुळीच नाही. पुस्तकात तीच भेटणार आहे, आणि ती मुलांना आलीच पाहिजे. पण तिच्याकडे जायची वाट घरच्या बोलीतून सुंदर जाते. गेल्या चैत्रात मी एका कागदावर मुलांचा 'आंबो' लिहिला आणि शेजारी गोष्टीच्या पुस्तकातला 'आंबा' दाखवला. त्यांनी दोन्ही शब्द बराच वेळ पाहिले. मग एकीने बोट ठेवलं ते नेमकं 'बो'च्या डोक्यावरच्या मात्रेवर. "ह्या फक्त वायला." वायला म्हणजे वेगळं. काना आणि मात्रा शिकवायला मी पूर्वी पंधरा दिवस घालवत असे. त्या दिवशी काजो-काजा, फणसो-फणसा असे खोटेनाटे शब्द करत त्यांनी अख्खी दुपार काढली.

काही पालक फोनवर आलेले छापील कागद दाखवतात: वसंत ऋतू, ट्यूलिपमध्ये रंग भरा, सशाला अंड्यांपर्यंत न्या, बी पेरा आणि रोप उगवताना बघा. हे ज्या देशांत बर्फ वितळून वसंत येतो तिथलं आहे, आणि तिथल्या मुलांसाठी ते चांगलंच आहे. आमच्या मुलांनी ट्यूलिपला कमळ म्हटलं. आपल्याकडे पेरणी जूनमध्ये. चैत्रात जमीन तापलेली, विहिरीचं पाणी खाली गेलेलं, आणि तरीही काटेसावर, पांगारा, पळस फुललेले, जुनी पानं गळतायत आणि त्याच फांदीवर नवी येतायत. मुलाला ज्याच्याबद्दल बोलायचं असतं तेच कागदावर यायला हवं. छापील कागदावर पैसे घालवू नका.

माझी आजी चैत्रभर देवघरासमोर चैत्रांगण काढायची. शंख, चक्र, गदा, कासव, नाग, तुळस, गोपद्मं, फणी-करंडा, झोपाळ्यावरची गौर. मला अक्षर येत नव्हतं तेव्हापासून मी ते ओळीने वाचत असे, आणि एखादं चिन्ह राहिलं तर आजीला सांगत असे. तोच धडा मी बालवाडीत घेते, फक्त चिन्हं मुलांची. सगळ्या घरांत चैत्रगौर बसत नाही, काही मुलं ईदच्या शिरखुर्म्याबद्दल बोलत येतात. म्हणून प्रत्येकाने आपल्या घरची एकच खूण ओट्यावर खडूने काढायची. होडी, शिवणयंत्र, कोंबडा, नारळ, रिक्षा. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी त्या ओळखून कुणाचं घर ते सांगायचं. आठवडाभराने खुणेखाली मी नाव लिहिते. पुढच्या आठवड्यात खूण पुसते, नाव ठेवते. बहुतेक मुलं आपलं नाव आणि दोन-तीन मित्रांची नावं तेव्हा वाचतात.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, आणि साधनं म्हणून पानं, बिया, शंख-शिंपले घ्यायचे, हे त्यांनी तिथे करून दाखवलं. 'अंगणवाडी' हा शब्द सरकारी योजनेतून १९७५नंतर देशभर गेला, पण त्यातलं अंगण त्या टेकडीवरचं आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ ही वर्षं एकच पायाभूत स्तर धरली आहेत. म्हणजे पहिली आणि दुसरी बालवाडीलाच जोडलेली. जूनच्या पंधरा तारखेला तुमच्या मुलाची कुठली परीक्षा नाही.

हाताबद्दल थोडं. पेन्सिल धरायला बोटांत जोर लागतो, आणि तो गिरवून येत नाही. सुरंगीची फुलं ओवणं, आंब्याच्या पानांचं तोरण करणं, चिंचा सोलणं यातून येतो. मात्र एक सावधगिरी. एकदा मी पडलेल्या कैऱ्या कापून मुलांना रंगाचे ठसे उमटवायला दिल्या. ताज्या होत्या, देठाशी चीक होता. एका मुलाने तोच हात तोंडाला लावला आणि संध्याकाळपर्यंत त्याचा ओठ उतला. मी त्याच्या घरी गेले आणि चूक माझी आहे असं सांगितलं. आता देठ आदल्या दिवशी कापून, चीक गाळून, रात्रभर पाण्यात ठेवलेल्याच कैऱ्या घेते. काजूची ओली बी मुलांच्या हाती कधीच देऊ नका, तिच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं. सावरीची फुलं खाली पडलेलीच वेचायची, खोडाला काटे असतात.

आता परवा पायरीवर विचारणाऱ्या आई, तुम्हालाच सांगते, घरी काय करायचं ते. रात्री भाजी निवडताना एका आवाजाचे शब्द शोधा. तुमच्या दुकानाची पाटी, एसटीवरचं गावाचं नाव, मिठाच्या पिशवीवरचा शब्द बोट ठेवून वाचा. तो बोलेल ते एक वाक्य रोज वहीत लिहा, मालवणीत असेल तर मालवणीत, आणि खाली चित्र त्याला काढू द्या. गिरवायची वही सध्या कपाटात ठेवा.

परवा तुम्ही गेल्यावर तुमच्या मुलाने पाटी मागितली. त्यावर त्याने ळ काढला, उलटा, शेजारी तांबटाची तीन टिंबं, आणि मला वाचून दाखवलं: "पळसार तांबट." ती पाटी मी पुसलेली नाही, येऊन बघा. आणि उद्या सुरंगीखाली जाणार आहोत. फुलं वेचायची तर ऊन चढायच्या आत पोचायला हवं, म्हणून त्याला सातला पाठवा. टोपी आणि पाण्याची बाटली द्या, आणि येताना वाटेत कुठला पक्षी ऐकला ते त्याला विचारून ठेवा.