तुम्ही विचारलंत म्हणून : शुगर ग्लायडर माणसाळतो कसा?

ठुशी आणि बुगडी या माझ्या दोन शुगर ग्लायडर. त्या माझ्या खांद्यावरून डोक्यावर आणि डोक्यावरून पडद्यावर जाताना दिसल्या की घरी आलेलं माणूस हमखास विचारतं, "किती दिवसांत माणसाळल्या हो?" नांदेडहून, जालन्याहून, लातूरहून फोन येतात, त्यांचाही प्रश्न हाच. बहुतेकांनी नुकतंच पिल्लू आणलेलं असतं. ते हात लावू देत नाही म्हणून घरातली लेकरं हिरमुसलेली असतात. दिवसांचा हिशेब मी कुणालाच देत नाही. एखादं पिल्लू काही आठवड्यांत अंगावर येतं, एखाद्याला कित्येक महिने लागतात. आपल्या हाती एवढंच आहे की आपल्याला भ्यायचं कारण त्याला उरू द्यायचं नाही.

ते भितं का, हे आधी समजून घ्या. शुगर ग्लायडर खारीसारखा दिसला तरी खारीच्या जातीचा नाही. तो पोटपिशवीवाला, कांगारूच्या गोतातला. पिल्लू आईच्या पिशवीत सत्तरेक दिवस वाढतं. मूळचा तो ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि इंडोनेशियाच्या रानातला. (हे पाहून कुणी शेकरू किंवा साधी खार पकडून पाळायची म्हणालं, तर मी तिथंच थांबवते. शेकरू आपला राज्यप्राणी आहे आणि 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे.) वजन 100 ते 150 ग्रॅम. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा असतो, त्यावर तो रानात 50 मीटरपर्यंत तरंगत जातो. तिथं घुबड त्याला वरून उचलतं. आता तुम्हीच सांगा, पिंजऱ्याच्या वरच्या दारातून खाली येणारा आपला हात त्याला कसा दिसत असेल? म्हणून हात नेहमी समोरून, खालच्या पातळीवर, तळवा वर करून न्यावा आणि तिथंच ठेवावा. पकडायला जाऊ नये.

पहिल्या दिवसांत ते मागच्या पायांवर उभं राहून जो आवाज काढतं, त्यानं भलेभले दचकतात. जात्यात खडा आल्यावर जशी घरघर होते, तसला आवाज. एवढ्याशा जिवातून तो येतोय यावर विश्वास बसत नाही. तो राग नव्हे, निव्वळ भीती असते. अशा वेळी हात झटकन मागे घेऊ नका, पुढेही रेटू नका. आहे तिथं ठेवा आणि हळू आवाजात बोलत राहा. ओरडलं की हात पळतो, हे त्याला एकदा कळलं की ते रोज ओरडणार.

यापेक्षा मोठी गोष्ट वासाची. हे प्राणी कळपानं राहतात, एकाच ढोलीत एकमेकांना बिलगून झोपतात, आणि आपलं कोण, परकं कोण ते वासावरून ठरवतात. कळपाचा वास नसलेल्याला हुसकावून लावतात. म्हणजे आपल्याला आधी त्यांच्या वासाच्या घरात जागा मिळवायची असते. मी माझ्या जुन्या सुती साडीचे तुकडे केले, कडा नीट दुमडून शिवल्या, ते दोन रात्री उशाखाली ठेवले आणि मग त्यांच्या झोपायच्या पिशवीत घातले. कडा शिवणं महत्त्वाचं, कारण सुटलेला धागा पायाला गुंडाळला की पाय जायबंदी होतो. टर्किशचा टॉवेल तर नकोच, त्याच्या फासांत नखं अडकतात. त्या दिवसांत अंगाचा वास बदलू देऊ नका. रोज वेगळा साबण, अत्तर, डोकं दुखलं म्हणून बाम, त्यांच्या खोलीत उदबत्ती, हे सगळं बाजूला ठेवा. पिशवीही रोज धुऊ नका. स्वच्छतेच्या हौसेपायी आपण जमवलेला वास आपणच घालवतो.

दिवसा दोघी झोपलेल्या असतात. तेव्हा ती पिशवी गळ्यात अडकवून मी घरातली कामं करायचे. गॅसपाशी मात्र नाही. डाळ निवडताना, वाचताना, शिकवणीची मुलं समोर असताना दोघी छातीशी असायच्या. आत हात घालायचा नाही, बाहेरून नुसता तळवा टेकवायचा. आपला आवाज, आपली ऊब आणि आपला वास, तिन्ही झोपेतच त्यांच्या ओळखीचे होतात. यात कष्ट काहीच नाहीत, फक्त सातत्य लागतं.

खरी कसोटी रात्रीची. ते जागतात तेव्हा, म्हणजे रात्री नऊ-दहानंतर, बंद जागेत त्यांच्याबरोबर जमिनीवर बसायचं. बरेच जण मच्छरदाणी सुचवतात, पण जाळीत नखं अडकून बोट निखळू शकतं. मी न्हाणीघर वापरलं. बादल्या रिकाम्या केल्या, पाण्याच्या हौदावर झाकण घातलं, मोरीच्या तोंडावर फरशी ठेवली. पुढं खोलीत बसायला लागले तेव्हा छताचा पंखा बंद. हा नियम मी कधी मोडला नाही. झेप घेणारा प्राणी आणि फिरतं पातं एका खोलीत नकोत. परभणीच्या एप्रिल-मे महिन्यात पंख्याविना बसणं म्हणजे काय, ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. त्यांनाही उकाडा सोसत नाही. 24 ते 27 अंशांत त्या खुशीत असतात, तिशी ओलांडली की हाल सुरू होतात. म्हणून घरातली सगळ्यात थंड खोली त्यांची. शेजारच्या खोलीत कूलर लावून दार किलकिलं ठेवायचं, आणि बसायची वेळ झाली की दार लावून घ्यायचं. लाइट गेली तर ओल्या फडक्यात गुंडाळलेली थंड पाण्याची बाटली पिंजऱ्याला बाहेरून टेकवायची.

बसल्यावर करायचं काय? काही नाही. आधी त्या पायाजवळून जातात, मग मागून पाठीवर चढतात, केसांत शिरतात, तुमच्यावरून एखाद्या झाडावरून जावं तशा जातात. तेव्हा धरायला गेलात तर महिन्याची कमाई जाते. चमच्याच्या टोकाला थोडं मधाचं पाणी धरावं. बोटाला लावू नये, नाहीतर बोट आणि खाऊ यातला फरक कळायला वेळ लागतो. माझ्या दोघींना त्याहून आवडतो बाभळीचा डिंक. त्यांच्या मूळ रानातही बाभळीच्या भाऊबंदांची झाडं आहेत, आणि त्यांचा डिंक हे तिथलं नेहमीचं अन्न आहे. आमच्याकडं बांधावर बाभळी आहेतच. स्वच्छ डिंकाचा लहानसा खडा हातावर ठेवला की बुगडी तो धरून माझ्या मनगटावर बसूनच कुरतडते. पण नुसत्या गोडावर आणि फळांवर ठेवू नका. किडे आणि पुरेसं कॅल्शियम मिळालं नाही तर हाडं ठिसूळ होतात आणि मागचे पाय लुळे पडतात.

विकत घेताना एक सांभाळा. दुकानदार भरदुपारी तळहातावर निपचित पडलेलं पिल्लू दाखवतो आणि म्हणतो, "एकदम माणसाळलेलं आहे." ते झोपेत असतं. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, तेव्हा तर थंडीनं त्याचं अंग गार पडून हालचाल मंदावते, आणि घरातल्यांना वाटतं की किती शांत झालंय. ते शांत नसतं, त्याला ऊब हवी असते. छातीशी धरून हळूहळू ऊब द्या आणि डॉक्टरांना दाखवा. आमच्या परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तुमच्या गावात असा प्राणी पाहिलेले डॉक्टर कोण, हे पिल्लू घरी आणण्याआधी शोधून ठेवा. पिल्लू दहा-बारा वर्षं जगतं, तेव्हा बारावीनंतर पुण्याला जाणाऱ्या मुलाच्या भरवशावर तर मुळीच आणू नका.

आणि एकटं कधीच ठेवू नका. यावर मी वाद घालते आणि घालत राहीन. "एकच ठेवलं तर माझ्यावर जास्त जीव लावेल," असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. रात्रभर तुम्ही झोपणार आणि ते जागणार. कळपाचा जीव एकटा पडला की स्वतःची शेपटी, स्वतःचे पाय कुरतडून जखमा करून घेतो. जोडीतले दोघं एकमेकांवर जीव लावतात म्हणून तुमच्यावर कमी लावत नाहीत. उलट एक धीट निघालं की दुसरं त्याच्या मागून येतं. ठुशी पहिल्यांदा अंगावर आली ती बुगडीच्या मागं मागंच.

"आमचं अजून चावतंय, काय करू?" असं विचारणाऱ्यांना मी आधी विचारते, ते एकटं आहे का, दिवसा उठवता का, खाणं काय देता. पूर्वी चावत नसलेलं अचानक चावायला लागलं तर आधी डॉक्टर, कारण कुठंतरी दुखत असतं. यातलं काही नसेल तर हात घालणं काही दिवस थांबवा, तुमच्या वासाचं कापड परत पिशवीत ठेवा आणि रात्री नुसते जवळ बसा. जोडीदार नसेल तर तो आधी आणा. दोन पिंजरे शेजारी ठेवून, कापडं अदलाबदल करून, मगच दोघांना एकत्र सोडा.