हंटर, अपडेट ६: हिरवा बसला नाही, करडा मात्र उठला

मंडळी, मी हंटर या लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं छोटं मॉडेल रंगवतोय. मागच्या अपडेटच्या शेवटी ‘आता फक्त हिरवा मारायचा राहिलाय’ असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ते वाक्य मागे. हिरवा मारला आणि डाव्या पंखावरचा खालचा करडा दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. वरून पांढरट धुकं. राजस्थानातल्या लोंगेवालाच्या वाळूत उतरायला निघालेलं विमान सध्या महाबळेश्वरला अडकलंय.

झालं असं. करडा, म्हणजे हंब्रॉल कंपनीचा १६४ नंबरचा इनॅमल (तेली) रंग, एमटीओमध्ये (मिनरल टर्पेंटाइनमध्ये) पातळ करून मारला होता. काय सुरेख बसला होता! ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा पोत) नाही, खरखर नाही. पण जुलैचा पाऊस. चौथ्या दिवशी बोट टेकवलं तर ठसा उमटला. सहाव्या दिवशीही तेच. खोलीतला आर्द्रतामापक ८६ टक्के दाखवत होता. माझा धीर सुटला. एमटीओच मंद आहे, जरा तिखट थिनर आणू म्हणून हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

“साहेब, कशाला मारायचंय?”

“विमानाला.”

“मग पाच लिटरचा डबाच घ्या की.”

अर्धा लिटर एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरचं) थिनर घेतलं, सुटं, बिनलेबलच्या बाटलीत. शहाणा माणूस तिथूनच परत फिरला असता. मी घरी येऊन १६३ नंबरच्या हिरव्यात ते निम्मंनिम्म मिसळलं, १८ पीएसआय हवेच्या दाबावर मारायला घेतलं आणि पहिली दोन मिनिटं स्वतःची पाठ थोपटत होतो, कारण एअरब्रशमधून (हवेने रंग फवारणाऱ्या पेनातून) रंग असा धुरासारखा निघत होता की बस.

मग दोन्ही गोष्टी एकदम झाल्या. एनसी थिनर झपकन उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं आणि पावसाळी हवेतली वाफ त्या गार रंगावर बसते. ते धुकं म्हणजे ब्लशिंग. फर्निचरला पॉलिश मारणारे पावसात कामं का टाळतात ते आता कळलं. दुसरी गोष्ट वाईट. अर्धवट पिकलेल्या इनॅमलमध्ये हे तिखट थिनर घुसलं, तो थर फुगला आणि पसरायला जागा नाही म्हणून सुरकुतला. त्यात भर म्हणजे थिनरने एअरब्रशमधलं रबरी ओ-रिंग फुगवलं आणि कपात बुडबुडे यायला लागले. आता सगळीकडे टेफ्लॉनच्या रिंगा बसवल्यात. तुमच्या ब्रशमध्ये काय आहे ते आधी बघा, मग तिखट थिनरच्या वाटेला जा.

पंख साफ करायला अख्खा शनिवार गेला. कच्चा रंग एमटीओ, कानकोरणीचा कापूस आणि जुना टूथब्रश यांनी निघाला. पॅनेल लाइनमधला (पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या बारीक खाचांमधला) लगदा सुईने काढला. एक समाधान: प्लास्टिकवर चरा नाही. एलेरॉनची (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीची) रेघ तर आधीपेक्षा स्वच्छ दिसतेय!

मग मात्र नीट चाचणी करायची ठरवली. पूर्वी यासाठी प्लास्टिकचे चमचे असायचे. २०२२ च्या जुलैत ते बंद झाले आणि माझा साठाही संपला, म्हणून स्पेअर बॉक्समधल्या ड्रॉप टँकना, म्हणजे पंखाखाली लटकवायच्या इंधनटाक्यांना, कामाला लावलं. रंग सगळीकडे तोच, १६४, आणि आधी नीट ढवळलेला. मॅट आणि सॅटिन रंगांत जाडसर चूर्ण तळाशी बसतं. डबी नुसती हलवून ते वर येत नाही. मी कॉफी फेसायचं बॅटरीवरचं छोटं घुसळणं वापरतो. या छंदात त्याहून स्वस्त आणि उपयोगी हत्यार मला भेटलेलं नाही. थिनर थेंब थेंब घालायचं. एकदम ओतलं की कधी कधी रंग फाटतो, नासलेल्या दुधासारखा.

नुसत्या लायटरच्या पेट्रोलमध्ये, म्हणजे नॅफ्थात, रंग टाकीपर्यंत पोचायच्या आतच सुकला आणि टाकी सँडपेपर झाली. एनसीचं पुन्हा धुकं. मिस्टर कलर ब्रँडचं लेव्हलिंग थिनर सर्वांत देखणं: त्यात रिटार्डर (सुकणं लांबवणारं रसायन) असतो, त्यामुळे रंगाला सपाट व्हायला वेळ मिळतो आणि धुकंही धरलं नाही. पण महाग. आणि ज्वलनशील म्हणून कुरियर ते विमानाने पाठवत नाहीत. विमानाचा रंग, आणि येतो ट्रकने. नुसता एमटीओ नेहमीसारखा गुळगुळीत पण संथ. तीन भाग एमटीओला एक भाग लायटरचं पेट्रोल घातलं तेव्हा दीड-दोन तासांत धूळ चिकटणं थांबलं. रॉकेल सुचवणाऱ्या मित्राला नमस्कार, ते तेलकट राहतं.

आता खरी गंमत. चौथ्या दिवशी सगळ्या टाक्यांवर नख दाबून पाहिलं. फरक उन्नीस-बीसचा! अर्ध्या तासात वाळलेली लेव्हलिंगवाली टाकीसुद्धा नखाखाली दबत होती. मी तीन आठवडे चुकीच्या बाटलीशी भांडत होतो. थिनर उडालं की त्याचं काम संपलं. पुढे इनॅमलमधलं अल्किड रेझिन हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतं आणि गार, दमट हवेत ते रेंगाळतं. माझा करडा सुकलेला होता, पिकलेला नव्हता.

उपाय रस्त्यात सापडला. कोपऱ्यावर गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. पावसात मूर्ती सुकाव्यात म्हणून तिथे हॅलोजन लावलेले होते. घरी येऊन पुठ्ठ्याच्या खोक्यात ४० वॅटचा पिवळा बल्ब टांगला. (एलईडी नको, तो गार राहतो.) धूळ नको म्हणून खोका टेप लावून बंद केला आणि दोन दिवसांनी रंग तसाच मऊ! डोकं खाजवलं तेव्हा उजेड पडला: ऑक्सिजन कुठून येणार? तळाला आणि वर भोकं पाडली, आत ४१ अंशांवर तापमान ठेवलं आणि दीड दिवसात नख उमटेनासं झालं. थिनरचा वास पूर्ण गेल्याशिवाय मॉडेल आत ठेवू नका. वाफ आणि बल्ब एका खोक्यात नकोत. तापमान ४५ च्या वर नको, नाहीतर पंख पोळीसारखा वाकेल. घरी याला ‘अंडी उबवायचा खोका’ म्हणतात.

हिरवा आता लेव्हलिंग थिनरमध्ये मारणार होतो. पण हे लिहिता लिहिताच बेत बदलतोय. करडा खोक्यात पक्का पिकला, तर त्याच्यावर एमटीओवाला हिरवा मारताना चूक झाली तरी एमटीओत बुडवलेल्या कापसाने ताजा हिरवा पुसता येईल आणि खालच्या करड्याला ओरखडा येणार नाही. म्हणजे एमटीओचा संथपणा इथे कामाला येतो. ब्लू-टॅकच्या (मऊ, चिकट लांबीच्या) वळकट्या लावून कॅमोफ्लाजच्या कडा हाताने मारायचं धाडस आता करता येईल. टेपचं मास्किंग रद्द. थोडं लायटरचं पेट्रोल घालायचंच, तीनास एक. वॉशच्या (खाचा उठून दिसाव्यात म्हणून फिरवायच्या पातळ रंगाच्या) आधी अॅक्रिलिक ग्लॉसचा थर मात्र हवाच, नाहीतर इनॅमल वॉश हे सगळं पुन्हा उठवेल.

डावा पंख काल रात्री नव्याने करडा झाला. आज वास नाही. उद्या खोक्यात.